बसून पाहिलेली पँट

आमच्या साडूंइतका पडायला भिणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल, आणि तरीही ते पडले. पडले ते बाळापूरच्या रस्त्यावर एका बैलापायी, पण त्यांचा गुडघा गेला तो माझ्यापायी. हे मी आज प्रथमच लिहून काढतो आहे. मी अमरावतीला शिक्षक आहे. खोटं बोलणाऱ्या मुलाला बाकावर उभं करण्याची शिक्षा मी वीस वर्षं देत आलो. त्या न्यायानं मी स्वतः नऊ वर्षं बाकावर उभा राहायला हवा होतो. त्याऐवजी मी खुर्चीवर बसलो, मुलांना सत्याचे धडे शिकवले, आणि साडू घरी आले की त्यांच्या ताटात चटणी वाढण्याच्या निमित्तानं मान खाली घालून त्यांच्या डोळ्यांत बघणं टाळलं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. अकोल्याच्या एका कापूस-व्यापाऱ्याकडे ते पारखी होते. अकोट, बाळापूर या बाजूंच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनांत जायचं, रुईच्या ढिगातून चिमूटभर रुई उचलायची, दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून ओढायची आणि धाग्याची लांबी पाहून मालाचा दर्जा सांगायचा, हे त्यांचं काम. या कामानं त्यांच्या बोटांना अशी खोड लागली होती की समोर जे येईल ते चिमटीत धरून ओढून पाहिल्याशिवाय त्यांचा जीव थाऱ्यावर येत नसे. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडची परीक्षा घ्यायला तेच आले होते. त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही, माझ्या धोतराचा सोगा दोन बोटांत धरून जरासा ताणला आणि म्हणाले, "गुरुजी, हे आणखी आठ धुणे टिकते." नवव्या धुण्याला धोतर फाटलं. तेव्हापासून त्यांच्या शब्दावर माझा विश्वास बसला. दुर्दैवानं त्यांचाही माझ्या शब्दावर बसला.

महाराष्ट्र व्हायच्या तीनएक वर्षं आधी त्यांच्या शेठनं त्यांना एक जुनी फटफटी घेऊन दिली. लष्कराच्या मोडीतून आलेली, हिरव्या रंगाचे पोपडे निघालेली, आणि सुरू झाली की शेजारच्या घरातली भांडी फडताळातून पुढे सरकतील अशा आवाजाची. दुसरा कोणी असता तर आळीतून मिरवला असता. भाऊ दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या ताईंना, कागदपत्रांची पेटी उघडून दाखवली, कोणता कागद कशाचा ते समजावून सांगितलं, आणि मग फटफटीवर बसले. "माणूस पडते," ते म्हणायचे, "पडते म्हणजे पडतेच. कवा पडते तेवढंच मालूम नाही." डाव्या अंगाला पडायचं हेही त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, कारण उजव्या हातानं रुई ओढायची असते.

अकोल्याहून अकोटला ते सकाळी निघत. अर्ध्या मैलावर म्हैस दिसली की फटफटी थांबवत, खाली उतरत, बाभळीच्या सावलीत उभे राहत आणि म्हैस रस्ता ओलांडून शेतात दिसेनाशी झाली की पुन्हा निघत. बैलगाडी आली तर हातानं ढकलत नेत. त्यांच्यानंतर तासाभरानं सुटलेली एस.टी. त्यांना गाठून अकोटला पोहोचे, तिथं कंडक्टरचा चहा होई, आणि परतताना ती त्यांना पुन्हा वाटेत भेटे. कंडक्टर खिडकीतून हात करी आणि भाऊ ओरडून सांगत, "आहो जिता." अकोटला पोहोचले की पहिलं काम म्हणजे घरी पोस्टकार्ड टाकायचं, 'सुखरूप पोचलो.' त्याच संध्याकाळी ते घरी येत आणि दोन दिवसांनी ते कार्ड पोस्टमनच्या हातून स्वतःच घेत. ते वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसे, ती खोटी नव्हती. आलेलं प्रत्येक पत्र, त्यांचं स्वतःचंसुद्धा, ते भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवत. कधी काय उपयोगी पडेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पडण्याची त्यांनी जी तयारी केली तशी लोक मुलीच्या लग्नाची करत नाहीत. अकोल्यात किंवा अमरावतीत कोणी फटफटीवरून पडला असं कानावर आलं की भाऊ पिशवीत चार संत्री घेऊन त्याच्या घरी हजर. ओळख असो वा नसो. बरं वाटतं का, औषध कोणतं, असलं काही ते विचारत नसत. खाटेजवळ बसून हळू आवाजात विचारत, "आधी काय टेकलं? गुडघा का कंबर?" मग पडताना अंगात असलेली पँट बघायला मागत. फाटलेल्या जागेत बोट घालून आतबाहेर करत, आणि सगळं एका वहीत लिहून घेत. अकोटच्या जिनातल्या एका इंजिनियरनं, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये असताना, त्यांना त्यांचीच संत्री फेकून मारली. त्यातलं एक भाऊंनी हवेत झेललं, आणि जाताना वहीत नोंद केली की या माणसाचे हात शाबूत आहेत. अशा पंधरावीस घरांच्या चकरांनंतर त्यांचं मत पक्कं झालं. पहिला टेकतो तो गुडघा, मग कंबरेचं हाड, मग बाकीचा माणूस. सगळ्यांच्या पँटी साध्या सुती होत्या आणि सगळ्या एकाच ठिकाणी फाटल्या होत्या. तेव्हा फटफटी चालवायची तर पँट वेगळी पाहिजे.

मुंबईला कातड्याच्या तयार पँटी मिळतात असं त्यांना कोणीतरी सांगितलं. किंमत कळली तेव्हा ते म्हणाले, "एवढ्या पैशात तं माणूस पडून बरा होते." शिवाय अकोल्याचा वैशाख. सबंध कातड्याची पँट घालून माणूस दुपारी बाळापूरला गेला तर पडण्याआधीच शिजेल. मग त्यांनी स्वस्त कापडांची परीक्षा सुरू केली. तरट, खाकी, गाडीवरची ताडपत्री, तंबूचं कॅनव्हास, प्रत्येकाचा एकेक पाय शिवून घेतला, त्यात एकेक कोहळं भरलं, आणि दोरीनं फटफटीला बांधून मोकळ्या रस्त्यावर फरफटत नेलं. किती वावांवर कोहळं उघडं पडतं ते मोजायचं. लांबून बघणाऱ्यांना फक्त पँटचा पाय आणि त्यात काहीतरी भरलेलं दिसलं. तासाभरात बाजारात बातमी, की फटफटीवाल्यानं माणूस ओढत नेला. पोलीस आले. भाऊंनी त्यांच्यासमोर त्या पायाची दोरी सोडून आतलं कोहळं काढलं आणि जमादाराला घरी न्यायला दिलं. तंबूचं कॅनव्हास पहिलं आलं. त्याची पँट, गुडघ्यांवर आणि कंबरेला दोन्ही बाजूंनी रुईच्या जाड गाद्या, आणि गाद्यांवर म्हशीच्या कातड्याचे तुकडे, असा बेत ठरला. रुई त्यांनी स्वतः निवडली. कोणती रुई दबली तरी पुन्हा फुगते हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार.

आता राहिलं शिवणं. इथं त्यांच्या डोक्यात एक विचार आला, आणि मी आज प्रामाणिकपणे सांगतो, त्या सगळ्या वेडात तो एकच विचार पूर्ण शहाणपणाचा होता. ते म्हणाले, शिंपी माप घेते उभ्या माणसाचं, अन् फटफटीवर माणूस बसते. बसला की कापड वर ओढलं जाते. उभ्यानं गुडघ्यावर असलेली गादी बसल्यावर मांडीवर जाते, अन् गुडघा राह्यते उघडा. अकोल्याच्या दोन शिंप्यांना त्यांनी हे समजावलं, तेव्हा एकानं त्यांना पाणी दिलं आणि दुसऱ्यानं घरी कोणी मोठं आहे का विचारलं. शेवटी त्यांना अमरावतीच्या एका म्हाताऱ्या शिंप्याचा पत्ता लागला. त्याला सगळे चाचा म्हणत. इंग्रजांच्या काळात चाचांनी घोडेस्वार साहेबांच्या ब्रीचिस शिवल्या होत्या. दुकान एवढंसं, पण बाहेर ओट्यावर एक लाकडी घोडा होता. डोकं नाही, शेपूट नाही, चार पाय आणि पाठ. गिऱ्हाइकाला त्यावर बसवून ते माप घेत. साहेब गेले, घोडा राहिला. त्यावर आता काज करायला आलेल्या शर्टांच्या थप्प्या असत.

भाऊंना दर वेळी अकोल्याहून येणं जमण्यासारखं नव्हतं. पण एका लग्नात परटानं आमचे पायजमे अदलाबदल केले होते आणि दोघांनाही दिवसभर कळलं नव्हतं, तेव्हापासून आमच्या टांगा एका मापाच्या आहेत हे घरात सर्वमान्य होतं. भाऊंचं पत्र आलं. जसं बोलत तसंच ते लिहीत. 'गुरुजी, माही टांग तुमच्यापाशी आहे. चाचाच्या दुकानी माप तुमी द्या. उभ्यानं देऊ नका. घोड्यावर बसून द्या. तयार झाल्यावर बी बसूनच पाहा. माह्या जिवाचा सवाल आहे.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या.

मी पहिल्या खेपेला माप देऊन आलो. त्या दिवशी रविवार होता, रस्ता रिकामा होता, मी घोड्यावर बसलोही. चाचांनी मन लावून माप घेतलं. आठ दिवसांनी पँट कच्च्या शिलाईत तयार झाली तेव्हा मी शाळेतून परस्पर गेलो. आत पडद्यामागे ती चढवली आणि आरशासमोर उभा राहिलो. गुडघ्याच्या गाद्या गुडघ्यांवर नव्हत्याच. चार बोटं खाली, नडगीवर लोंबत होत्या. मी चाचांना म्हटलं, या खाली आल्या, वर घ्या. चाचा हसले. डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "गुरुजी, खडे आदमी की पतलून तो कोई भी सी लेता है. बैठके तो देखो." आणि त्यांनी ओट्यावरच्या घोड्यावरून शर्ट उचलायला सुरुवात केली.

मी बाहेर पाहिलं. समोरच्या पानठेल्यावर आमचे मुख्याध्यापक उभे होते. बरोबर दोन शिक्षक होते, आणि शाळा नुकतीच सुटल्यानं रस्ताभर आमची मुलं होती. त्या वर्षी पर्यवेक्षकाची जागा रिकामी व्हायची होती आणि माझं नाव बोललं जात होतं. कातड्याची ठिगळं लावलेली, कंबरेला उशा बांधल्यासारखी फुगलेली ती पँट घालून मी बिनडोक्याच्या लाकडी घोड्यावर पाय फाकवून बसलो आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. त्या एका क्षणानं मुलांनी मला जन्मभराचं नाव दिलं असतं. मी म्हटलं, घरी बसून पाहतो, तुम्ही गाद्या चार बोटं वर घेऊन पक्क्या करून टाका. चाचांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मग त्यांनी कच्चे टाके उसवले. "आपकी मर्जी," एवढंच म्हणाले. गिऱ्हाइकाशी वाद न घालण्याची सवय त्यांना साहेबांनी लावली असावी.

पक्की झालेली पँट मी घरी आणली, चढवली आणि उभ्यानं पाहिली. गाद्या बरोबर गुडघ्यांवर होत्या. बायको म्हणाली, बरी दिसते, जरा तंबूसारखी आहे एवढंच. घरात पाय टाकून बसण्यासारखं काही नव्हतं असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. उखळ होतं, पाण्याची टाकी होती, खिडकीचा कट्टा होता. मी बसलो नाही, कारण बसलो असतो तर चूक दिसली असती, आणि पुन्हा त्या ओट्यावर जावं लागलं असतं. पँट जाणाऱ्या माणसाबरोबर अकोल्याला पाठवली आणि कार्ड टाकलं, 'उभा राहून व बसून पाहिली. गादी बरोबर गुडघ्यावर येते.' मी हे वळणदार अक्षरात लिहिलं.

चौथ्या दिवशी भाऊंचं उत्तर आलं. पँटच्या शिलाईची, कातड्याची भरपूर तारीफ होती, आणि खाली लिहिलं होतं, 'मी बसतो तं गादी जरा वर जाते. पण तुमी बसून पाह्यली म्हणता अन् आपली टांग एक, म्हणजे माहं बसणंच चुकत असंन. आता पुढे सरकून बसायची सवय करून राह्यलो.' हे कार्ड मी उभ्यानं वाचलं. त्याच वेळी कागद घेऊन दोन ओळी लिहिल्या असत्या तर सगळं मिटलं असतं. रविवारी लिहू, असं ठरवलं. रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी वाटलं, आता इतक्या दिवसांनी लिहिलं तर विचित्र दिसेल. तिसऱ्या रविवारी ते पडले.

बाळापूरहून परतताना कापसाची गाडी समोरून आली. भाऊ नियमाप्रमाणे थांबले, उतरायला एक पाय काढला, आणि फटफटीच्या आवाजानं बैल बुजला. तो अंगावर येतो असं वाटून ते ठरल्याप्रमाणे डाव्या अंगाला पडले. कंबरेच्या गादीनं आपलं काम चोख केलं. तिथं ओरखडाही नव्हता. गुडघा रस्त्याच्या कडेच्या गिट्टीच्या ढिगावर आदळला. गादी तेव्हा मांडीवर होती. गुडघ्याची वाटी फुटली.

मी सरकारी दवाखान्यात भेटायला गेलो ते संत्री घेऊन. खाटेजवळ बसलो आणि काय विचारावं ते सुचेना. भाऊंनीच माझं काम सोपं केलं. म्हणाले, "आधी गुडघा टेकला, गुरुजी. वहीत लिहून घ्या." मग डोळे पुसत म्हणाले, पँट फाटली नाही पाहा, एक टाका निघाला नाही, कंबर तुमच्यामुळे वाचली. ताई म्हणाल्या, मग गुडघा कसा गेला? भाऊंनी मान हलवली. ऐन वेळेला आपण मागे सरकलो असणार, भीतीनं माणूस मागेच सरकतो, इतकी वर्षं पडण्याची तयारी केली पण बसायला काही शिकलो नाही, असं ते शांतपणे सांगत राहिले. मी खालमानेनं संत्रं सोलत होतो. एकेक फोड सोलून, शिरा काढून, त्यांना दिली. अख्खी चार संत्री मी अशी सोलली आणि घरी आलो.

पाय वाचला, पण वाकायचा थांबला. फटफटी शेठनं परत घेतली. जिनांच्या फेऱ्या बंद झाल्या. रुईच्या ताज्या ढिगात हात घालणारा माणूस अकोल्याच्या गोदामात खुर्चीवर बसून पोत्यांवर खुणा करू लागला. पंगतीत त्यांना मांडी घालता येईना. सगळे पाटावर, आणि भाऊ कोपऱ्यात स्टुलावर, ताट मांडीवर घेऊन, एक पाय समोर सरळ ताठ, वाढणाऱ्याला अडखळायला नको म्हणून सारखा बाजूला घेत. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला मी तो पाय पाहत आलो. पर्यवेक्षकाची जागा मला मिळाली. चाचांच्या दुकानावरून जायचं असलं की मी समोरच्या बाजूनं जाई. एकदा त्यांनी ओट्यावरून हाक मारली, पतलून कशी आहे विचारायला असेल. मी ऐकू न आल्यासारखा चालत राहिलो. पुढे दुकानही गेलं आणि चाचाही.

गेल्या अधिक महिन्यात भाऊंचं पत्र आलं. त्यांच्या मुलीचं लग्न वर्षभरापूर्वी झालं होतं, जावई वरुडला संत्र्यांच्या पेट्या भरून पाठवण्याच्या धंद्यात. 'जावईबापूंनी फटफटी घेतली. धोंड्याचं वाण म्हणून माही पँट त्याहीले देऊन राह्यलो. त्याहीची टांग पाह्यली, आपलीच टांग आहे. कातड्याले तेल लावून ठेवलं. तुमी बसून पाह्यलेली पँट, म्हणून मले घोर नाही. फक्त पुढे सरकून बसा म्हणून त्याहीले सांगतो. तुमी दोघं जेवायले या.'

त्या पत्रानंतर मला झोप आली नाही. वरुडहून अमरावती, अमरावतीहून अकोला, हा रस्ता मला एस.टी.तून पाठ आहे. कुठं गिट्टीचे ढीग असतात तेही पाठ आहे. जेवणाच्या दिवशी अकोल्याला जाताना मी बसमध्ये एक वाक्य घोकत होतो, आणि दर स्टँडवर ते वाक्य लहान होत होतं. मूर्तिजापूरला त्यात चार शब्द उरले होते. बायकोनं विचारलं, "ओठ काय हलवता? स्तोत्र म्हणता काय?" मी हो म्हटलं. म्हणजे त्या दिवशीही पहिलं काम खोटं बोलण्याचंच झालं.

जेवणं झाली. जावईबापू पाटावर, भाऊ स्टुलावर. ताईंनी तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे मांडले, वर दिवा ठेवला, आणि भाऊंनी त्या ताटाशेजारी पँटची घडी ठेवली. जावयानं ती मोठ्या आदरानं डोक्याला लावली. गरीब स्वभावाचा मुलगा. सासऱ्यांचं मन राखायला तीच घालून तिन्हीसांजेच्या आत वरुडला निघतो, म्हणाला. आणि पँट घेऊन उठला.

मी म्हटलं, "भाऊ, ती पँट देऊ नका."

"काहून?"

"मी बसून पाहिली नव्हती."

भाऊ हसले. त्यांना ते खरंच वाटेना. "असं कसं होईन? तुमी लिवलं होतं ना." ते स्टुलावरून उठले, पाय ओढत भिंतीपाशी गेले, तारेतली पत्रं एकेक मागे सारू लागले. नऊ वर्षांची पत्रं होती. मी थांबा म्हणत होतो आणि ते ऐकत नव्हते. शेवटी त्यांना कार्ड सापडलं. पिवळं पडलेलं. ते त्यांनी जावयाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "वाचा. 'बसून पाहिली.' गुरुजीचंच अक्षर आहे. वय झालं आता, विसरले असतीन." माझ्याविरुद्ध ते माझीच बाजू घेत होते. मला जागेवर उभं राहवेना.

मी जावयाच्या हातातून पँट घेतली, आतल्या खोलीत गेलो आणि धोतर सोडून ती चढवली. पन्नाशीच्या पोटावर तिचं बटण लागेना. वर धोतराचीच गाठ मारली. तसाच बाहेर आलो, अंगणातून रस्त्यावर गेलो आणि जावयाच्या फटफटीवर पाय टाकून बसलो. पावसानं उघडीप दिली होती, त्यामुळे अख्खी आळी दारात होती. समोरच्या पिठाच्या गिरणीपुढे डबे घेऊन बाया उभ्या होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "हे अमरावतीचे मास्तर ना गं? याहीले काय झालं?" नऊ वर्षांपूर्वी मी ज्याला भ्यालो ते सगळं आता माझ्याभोवती उभं होतं, आणि त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. बायको दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

भाऊ मागून स्टूल घेऊन आले. त्यांना वाकता येत नाही. फटफटीशेजारी स्टूल मांडून, तो पाय सरळ पुढे टाकून ते बसले, आणि माझा गुडघा त्यांच्या तोंडासमोर आला. कातडं लावलेली गादी माझ्या मांडीवर होती. गुडघ्यावर नुसतं कॅनव्हास. भाऊंनी हाताची चार बोटं जोडून मधल्या जागेवर ठेवली. बरोबर चार बोटं. मग त्यांची ती जुनी चिमूट पुढे आली. गुडघ्यावरचं कापड त्यांनी दोन बोटांत धरून ताणलं आणि डोळ्यांजवळ नेलं. कॅनव्हासवर सुईची भोकं बुजत नाहीत. माझ्या गुडघ्याच्या वाटीभोवती, एका ओळीत, चौकोनी, चाचांच्या कच्च्या टाक्यांची भोकं होती.

"चाचानं आधी इथंच लावली होती?" त्यांनी विचारलं.

"हो. मी वर घ्यायला लावली. उभ्यानं."

ते त्या भोकांवरून अंगठा फिरवत राहिले. जावई काहीतरी बोलायला पुढे आला आणि ताईंनी त्याला हातानं थांबवलं. मी वरून फक्त भाऊंचं टक्कल पाहत होतो. ते रागावतील, उठून जातील, माझं तोंड पाहणार नाहीत, या सगळ्याची मी बसमध्ये तयारी केली होती. ते जे बोलले त्याची केली नव्हती.

"मंग माहं बसणं बरोबर होतं, गुरुजी," ते हळूच म्हणाले, जणू स्वतःलाच सांगत होते. "मी आपलं इतके वर्स समजून राह्यलो का मले बसताच येत नाही."

मी फटफटीवरून उतरलो. पँट सावरत त्यांच्यासमोर, त्या ओल्या रस्त्यावरच, गुडघे टेकून बसलो, म्हणजे मला त्यांच्या डोळ्यांत पाहता येईल. "तुमचं बसणं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, भाऊ," मी म्हटलं. "मी लाजलो आणि खोटं लिहिलं. तुमचा गुडघा माझ्यामुळे गेला. मला क्षमा करा."